गोणी खांद्यावर जाते, मग रॉड डोक्यावर काऊन जात नाही?

*ताई, मी वसमत तालुक्यातला. वय २४, वजन ६२ किलो. वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे, दिवसभर दुकानावरच असतो. चार महिने झाले, सकाळी जिमला जातोय. खांद्यांवर रॉड घेऊन बैठक मारायची तो स्क्वॉट ७० किलोवर गेला, बाकड्यावर उताणं पडून रॉड छातीवरून ढकलायचा तो बेंच ४५ वर. पण उभं राहून रॉड डोक्यावर ढकलायचा तो शोल्डर प्रेस २५ वर जाम झालाय. दीड महिना झाला, पुढं सरकत नाही. ३० लावले की रॉड कपाळापर्यंत येतो आणि तिथंच थांबतो. मागं वाकून कसाबसा नेला तर दुसऱ्या दिवशी कंबर धरते.*

*हमाल आले नाहीत तर डीएपी खताची ५० किलोची गोणी मी स्वतः खांद्यावर टाकून गोदामात नेतो. एक नाही, आख्खी गाडी खाली करतो. मग ३० किलोचा रॉड काऊन जात नाही? जिमची पोरं म्हणतात, "शेठ, रॉडला गोणी बांधू का?" कोच म्हणतो खांदे कमजोर आहेत, मशीनवर कर आणि पावडर चालू कर. आई म्हणते, डोक्यावर वजन धरलं की बेंबी सरकते. मला पुढच्या पोलीस भरतीत उतरायचंय, गोळ्याला खांदा लागतो. माझे खांदे खरंच कमजोर आहेत का? का हा व्यायामच सोडून देऊ?*

*– गोणीवाला, वसमत*

अरे लेकरा, तुझे खांदे कमजोर नाहीत. सोडायचं तर मुळीच नाही. तू दिलेल्या आकड्यांतच याचं उत्तर आहे, फक्त ते आकडे कुणी तुला शेजारी शेजारी मांडून दाखवले नाहीत.

तुझा बेंच ४५ आहे. उभं राहून, गुडघे न वाकवता केलेला प्रेस साधारणपणे बेंचच्या ६० ते ६५ टक्क्यांत बसतो. थोडं इकडं, थोडं तिकडं, हाताच्या लांबीप्रमाणं. ४५ चे ६० टक्के म्हणजे २७. तू २५ नीट करतोस आणि ३० ला अडकतोस. म्हणजे जिथं असायला पाहिजे तिथंच आहेस की! मागं राहिलाय असं वाटतं, कारण तू प्रेसची तुलना स्क्वॉटशी करतोयस. स्क्वॉटमध्ये मांड्या, कुल्ले, पाठ, म्हणजे अंगातले सगळे थोरले स्नायू राबतात. प्रेसमध्ये मुख्य काम खांद्याच्या टोपीसारख्या स्नायूचं आणि दंडाच्या मागच्या बाजूचं. छातीचा वरचा भाग आणि मानेखालचे स्नायू थोडी मदत करतात, बस्स. स्नायूच लहान, त्यामुळं ताकदही सावकाश वाढते. जगात कुणाचाही प्रेस त्याच्या स्क्वॉटच्या वेगानं वाढत नाही.

तरी एक गोष्ट आधी कर. तो रॉड दुकानात आण आणि काट्यावर ठेव. जिममालकाला विचारून आण, नाहीतर तो वेगळंच समजायचा. आपल्याकडं तालुक्याच्या जिममध्ये जो तो सांगतो की रॉड दहा किलोचा, पण तोलून कुणी बघितलेला नसतो. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड २० किलोचा आणि बायकांचा १५ किलोचा ठरलेला असतो. आपल्याकडचे बारीक रॉड पाच फुटी, सहा फुटी, सात फुटी असे मिळतील तसे आणलेले असतात आणि प्रत्येकाचं वजन निराळं. ओतीव लोखंडाच्या प्लेटांचंही तेच, वर पाच लिहिलेलं असतं म्हणून पाच भरेलच असं नाही. स्क्वॉटला अर्ध्या-पाऊण किलोच्या फरकानं काही बिघडत नाही, प्रेसला बिघडतं. रॉड आठाचा निघाला तर एक हिशेब, बाराचा निघाला तर दुसरा. तुझ्याकडं इलेक्ट्रॉनिक काटा आहे, मग अंदाजावर कशाला चालायचं?

आता गोणीचं. गोणी तू खांद्यानं उचलतच नाहीस. थप्पीवरून किंवा गाडीच्या फाळक्यावरून ती तुझ्या पाठीवर येते. तू कमरेतून थोडा वाकतोस आणि चालायला लागतोस. वजन मणक्यावरून कमरेत, कमरेतून पायांत उतरतं. हात फक्त ती घसरू नये म्हणून धरलेले. नीट बघ, स्क्वॉटचा रॉडसुद्धा बरोबर त्याच जागी बसतो. तुझा स्क्वॉट चार महिन्यांत ७० वर गेला त्यात जिमइतकाच मोंढ्याचाही वाटा आहे, तयारी तिथं आधीच झालेली होती. गोणी डोक्यावर, दोन्ही हात सरळ करून, वर ढकलायची वेळ मात्र तुझ्यावर कधी आली नाही. हे काम तुझ्या अंगाला चारच महिन्यांपूर्वी पहिल्यांदा सांगितलं गेलंय.

रॉड कपाळापाशीच का थांबतो तेही ऐक. खालून निघताना दंड बरगड्यांजवळ असतो. रॉड कपाळाच्या आसपास आला की दंड जमिनीला समांतर होतो, म्हणजे कोपर खांद्यापासून सगळ्यात लांब गेलेलं असतं. तरफेचा हात तिथं सर्वांत लांब, म्हणून खांद्यावर ताण तिथं सर्वांत जास्त. ते ओलांडलं की पुन्हा सोपं. त्यामुळं तिथं अडकणं हे कुठल्या दुबळेपणाचं लक्षण नाही. सगळे तिथंच अडकतात, पहिलवानसुद्धा. त्या जागी पोचेपर्यंत रॉडला वेग पाहिजे आणि रॉड तोंडाजवळून गेला पाहिजे, हे दोनच उपाय.

मोबाइलवर तू मीराबाई चानूचा व्हिडिओ बघितला असशील. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो वजनी गटात तिनं ११५ किलो डोक्यावर धरले आणि रौप्य आणलं. ते बघून आपल्या ३० किलोची लाज वाटते, माझ्याकडं येणाऱ्या पोरींनाही वाटते. पण तिथं हातांनी ढकललेलं चालतच नाही. खांद्यावरून डोक्यावर न्यायच्या त्या उचलीला जर्क म्हणतात, त्यात पायांनी रॉडला वर उडवायचं आणि झटक्यात त्याच्याखाली जाऊन सरळ हातांवर झेलायचं. कोपरं वाकलेली राहिली आणि मग ढकलून सरळ केली तर पंच ती उचल बाद धरतात. तुझा प्रेस हा वेगळाच प्रकार आहे. त्याला पायांची उसनवारी नाही.

आता मूळ दुखण्याकडं येते. तुझ्या पत्रात २५ आहे आणि ३० आहे, मधलं काहीच नाही. जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असणार. दोन्ही बाजूंना एकेक लावली की एकदम ५ किलो वाढतात. २५ वर ५ म्हणजे २० टक्के! स्क्वॉटला तुला कुणी ७० वरून एकदम ८४ लाव म्हटलं, तर तू लावशील का? नाही म्हणशील, आणि बरोबरच म्हणशील. प्रेसला मात्र तू दीड महिना हेच करतोयस आणि रॉड वर गेला नाही की खांद्यांना दोष देतोयस. दोष प्लेटांचा आहे.

सव्वा किलोच्या प्लेटा मिळतात, मालकाला आणायला सांग. तो आणेल तेव्हा आणेल. तोवर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं जा, जो वखराची पास नि ट्रॉलीचे हूक करून देतो त्याच्याकडं. त्याला सांग, ६ एमएम जाडीच्या लोखंडी प्लेटमधून १२ सेंटिमीटर व्यासाच्या गोल चकत्या काप आणि मधोमध ३ सेंटिमीटरचं भोक पाड. अशी एक चकती अर्ध्या किलोची भरते, पाच-दहा ग्रॅम इकडं तिकडं. रॉडची जाडी आधी मोजून ने. बारीक रॉड २५ किंवा २८ मिलिमीटरचे असतात, त्यांना हे भोक चालतं. कडा ग्राइंडरनं घासून घे, नाहीतर बोट कापेल. अशा आठ चकत्या कर, म्हणजे चार जोड्या. आता २६, २७, २८, २९ या सगळ्या पायऱ्या तुझ्या पिशवीत आल्या. भंगारातली प्लेट सापडली तर खर्च किरकोळ. वाळूच्या पुड्या बांधायचा जुगाड करू नकोस, त्या लोंबतात, झुलतात आणि रॉड एका बाजूला ओढतात. आणि दुकानातले औषधाचे पुडे तर अजिबात नकोत, हे तुला सांगायची गरज नाही, पण तरी सांगते.

चकत्या होईपर्यंत २५ वरच थांब आणि आकडा वजनाचा नाही, मोजणीचा वाढव. पाच-पाचचे तीन सेट होतात ना? पुढच्या वेळी सहा-पाच-पाच कर. मग सहा-सहा-पाच. तिन्ही सेट आठ-आठ झाले की ३० तुला आजच्यासारखे परके वाटणार नाहीत. दोन सेटच्या मधे तीन मिनिटं थांब, चार थांबलास तरी चालेल. मागचं पोरगं "झालं का?" म्हणून विचारत राहील. विचारू दे.

वजन आठवड्याला एक किलो, यापेक्षा जास्त नाही. एखाद्या आठवड्यात जमलं नाही तर त्याच वजनावर पुन्हा. दोन आठवडे सलग अडलं तर दोन-तीन किलो खाली उतर आणि पुन्हा चढ.

आता उचल बघू. पत्रात तू लिहिलंयस, मागं वाकून नेतो आणि कंबर धरते. हेच १९७२ पर्यंत मोठमोठे लोक करत होते. तेव्हा ऑलिम्पिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये तीन उचली होत्या, त्यातली एक प्रेस. सोव्हिएत युनियनच्या वासिली अलेक्सेयेवनं त्याच वर्षी २३६.५ किलो प्रेस करून जागतिक विक्रम केला. पण तोवर उचलणारे इतके मागं वाकायला लागले होते की उभ्याउभ्या बेंच प्रेस चाललाय असं दिसायचं. कुठवरचं वाकणं चालवून घ्यायचं आणि कुठं बाद धरायचं, यावर पंचांचं एकमत होईना, आणि कमरांची काळजी होतीच. म्युनिकच्या ऑलिम्पिकनंतर ती उचल स्पर्धेतून काढूनच टाकली. मागं वाकलं की छातीचे थोरले स्नायू मदतीला येतात, म्हणून वजन जातं. किंमत मणक्याचा खालचा भाग मोजतो. तुझ्या कमरेला तर उद्या पुन्हा गोण्याही वाहायच्यात.

तेव्हा रॉड असा घे. स्टँड छातीच्या उंचीला लाव. जमिनीवरून उचलून घ्यायची झटापट नको. पकड खांद्यांच्या जराशी बाहेर. समोरून बघितलं तर मनगटापासून कोपरापर्यंतचा हात सरळ उभा दिसला पाहिजे. बहुतेक पोरं फार रुंद धरतात, बेंचच्या सवयीनं. रॉड बोटांच्या मुळाशी ठेवू नकोस, तिथं मनगट मागं मोडतं आणि निम्मी ताकद तिथंच जाते. तळहाताच्या खालच्या गादीवर, मनगटाच्या अगदी वर ठेव. अंगठा रॉडला वेढून. घामानं हात घसरत असेल तर दस्ती जवळ ठेव, प्रत्येक सेटआधी हात आणि रॉड दोन्ही पूस. कोपरं रॉडच्या किंचित पुढं. मागं गेली तर रॉड पुढं पळतो.

मग पाय. दोन पावलांत कमरेइतकं अंतर, गुडघे ताठ, आणि कुल्ले आवळ. जोरात आवळ, लाजू नकोस. कुल्ले आवळलेले असले की कंबर मागं मोडूच शकत नाही, करून बघ. पोटात श्वास भर, पोट कुणी बुक्की मारणार असल्यासारखं घट्ट कर आणि श्वास धरून ढकल. वर गेल्यावर सोड, खाली आल्यावर नवा घे. (घरात कुणाला बीपी असेल आणि तेही तुझ्यासोबत सुरू करत असतील तर त्यांनी श्वास असा कोंडू नये, डॉक्टरांना विचारून मग काय ते.)

रॉड सरळ रेषेत वर जायला पाहिजे आणि त्याच्या वाटेत तुझं तोंड आहे. पोरं काय करतात, तोंड वाचवायला रॉडच पुढून वळसा घालून नेतात. तिथंच कपाळापाशी घात होतो, कारण पुढं गेलेला रॉड दुप्पट जड लागतो. रॉडनं वाट सोडायची नाही, तोंडानं सोडायची. हनुवटी मागं घे, रॉड नाकापासून बोटभर अंतरावरून जाऊ दे आणि कपाळ ओलांडलं की लगेच डोकं दोन्ही हातांच्या मधून पुढं आण. वर पोचल्यावर कोपरं पूर्ण सरळ, रॉड पावलांच्या मध्यावर आणि खांदे कानांकडं उचललेले. हे खांदे उचलणं विसरू नकोस. त्यानं खांद्यामागचं चपटं हाड वर फिरतं आणि सांध्यात जागा राहते.

मोबाइल बाकड्यावर ठेवून बाजूनं व्हिडिओ काढ. पुढून काढलास तर काही कळणार नाही. बाजूनं दोन गोष्टी बघ: रॉड सरळ गेला का, आणि बरगड्या पुढं फुगल्या का. बरगड्या फुगल्या म्हणजे कंबर मोडली.

एवढं करूनही हात वर जाताना कंबर मोडतच असेल, तर घरी भिंतीला पाठ लावून उभा राहा. टाचा भिंतीपासून वीतभर पुढं, कंबर भिंतीला टेकलेली. दोन्ही हात सरळ ठेवून डोक्यावर ने. अंगठे भिंतीला लागले आणि कंबर सुटली नाही तर ठीक. नाही लागले तर तुझी पाठ वरच्या बाजूला आखडलेली आहे, आणि गोण्या वाहणाऱ्या माणसाची ती आखडतेच. रोज थोडा वेळ दांडीला नुसता लटक. तालमीतले जोर मार, आपले जुने, ज्यात अंग खालून वर सापासारखं निघतं. खांद्याला आणि पाठीला त्याच्याइतका स्वस्त व्यायाम नाही.

आता एक विचारते. गोणी नेहमी उजव्याच खांद्यावर घेतोस ना? मला वाटतं हो. व्हिडिओत रॉडचं एक टोक आधी वर जाताना दिसेल. गोणी आलटून पालटून घ्यायला लाग, सुरुवातीला डावीकडं अवघड जाईल. आठवड्यातल्या दोन प्रेसपैकी एक दिवस रॉडऐवजी डंबेल घे. एका हातानं एकेक, आठ-आठ वेळा, आणि डाव्या हातापासून सुरू कर. डाव्याला जेवढे जमतील तेवढेच उजव्यानं करायचे. उजव्याला वर आणखी दोन जमतात म्हणून करायचे नाहीत.

आणि खताची मालगाडी (रेक) लागली, दुकानावर गाडी आली, हमालांचा पत्ता नाही, अशा दिवशी प्रेस करायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. तुझा दीड महिना नेमका मृगाच्या पेरणीआधीच्या गर्दीत गेला असेल तर निम्मं कोडं तिथंच सुटलं. दिवसभर मानेवर गोण्या, आणि पहाटे त्याच मानेकडून जोर मागायचा. कुठून येणार? गाडीचा दिवस हाच तुझा व्यायामाचा दिवस धर आणि जिमची वही त्याप्रमाणं पुढं सरकव. सोमवार-गुरुवार असलं वेळापत्रक शहरातल्या नोकरदारांना ठीक आहे.

आईंना सांग, बेंबी सरकत नाही. ती त्वचेवरची खूण आहे, जागा सोडून कुठं जात नाही. पोटात मुरडा येतो, दुखतं, लोक त्याला बेंबी सरकली म्हणतात आणि चोळून घेतात. त्याची कारणं बहुतेक वेळा पोटातलीच असतात. पण आईंची भीती अगदीच हवेतली नाही. जड वजनामुळं पोटाच्या भिंतीतल्या कच्च्या जागेतून आतडं बाहेर डोकावू शकतं, त्याला हर्निया म्हणतात. जांघेत किंवा बेंबीपाशी फुगवटा आला, खोकताना वाढला, आडवं झाल्यावर आत गेला, तर वजन थांबव आणि सर्जनला दाखव. चोळून घ्यायचं नाही. तसंच खांद्यात वरच्या बाजूला सुईसारखी कळ आली, रात्री त्या कुशीवर झोपता येईना किंवा हाताला मुंग्या यायला लागल्या, तर हाडाच्या डॉक्टरकडं जा. स्नायू भरून येणं वेगळं आणि हे वेगळं.

पावडर घेऊ नको असं मी म्हणत नाही, पण २५ चे ३० व्हायला तिची गरज नाही. तुझ्या वजनाला दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं खूप झाली. तीन अंड्यांत १८. सोयाबीनच्या वड्या, कोरड्या ५० ग्रॅम, त्यात २५. मूठभर शेंगदाणे, दोन वेळचं तुरीचं घट्ट वरण, बेसनाचं पिठलं, वाटीभर दही, आणि ज्वारीच्या भाकरीतूनही येतात. एका भाकरीत थोडी, पण तू एक थोडीच खातोस! घरचं सोयाबीन खायचं असेल तर नीट शिजवून किंवा भाजून. कच्चं पचत नाही. तुझी खरी गडबड दुसरीच असणार: पहाटे जिम, तिथून थेट दुकान, चहा-बिस्किट, आणि जेवण दुपारी दोनला गिऱ्हाईक ओसरल्यावर. डबा घेऊन जा आणि नऊच्या आत खा. वैशाखात पहाटेसुद्धा पत्र्याच्या जिममध्ये घामाच्या धारा लागतात, तेव्हा पाण्यात चिमूटभर मीठ टाकून ने.

भरतीचं. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, आणि मैदानी चाचणीच्या ५० पैकी १५ गुण त्याला. प्रेसचा उपयोग होतो, पण तू समजतोस तेवढा नाही. गोळा पायांतून निघतो, कमरेतून वळतो आणि खांदा-हात त्याला शेवटचा धक्का देतात. नुसत्या खांद्यानं फेकणारे लवकर थकतात आणि कोपर दुखवून घेतात. म्हणून प्रेस ३० वर स्थिरावला की पुश प्रेस शिक: गुडघे थोडे मोडायचे आणि पायांच्या झटक्यानं रॉड वर पाठवायचा. त्यात तू एकदम ३५-४० वर जाशील आणि खूश होशील. पण वहीत तो आकडा प्रेसच्या रकान्यात लिहायचा नाही. आणि हे सगळं आठवड्यातून दोनदाच, कारण १६०० मीटरला २० गुण आहेत आणि तू पत्रात धावण्याचा एक शब्दही लिहिलेला नाहीस.

जिमची पोरं. त्यांच्यातला जो ४० करतो म्हणतो त्याचे गुडघे बघ. मोडत असतील, आणि बहुतेक मोडतच असतील, तर तो प्रेस नाही. बोलून दाखवायची गरज नाही, बघून ठेव फक्त.

मशीन वाईट नाही. ते वजन स्वतः सांभाळतं, तू फक्त ढकलतोस; त्यामुळं आठवड्यातल्या दुसऱ्या प्रेसच्या, म्हणजे डंबेलच्या, दिवशी शेवटी दोन सेट जास्तीचे करायला बरं. पण सरळ उभं राहणं, कुल्ले आवळणं, रॉड नाकाजवळून नेणं, यातलं काही मशीन शिकवत नाही. कोच बसून करायला सांगत असेल तर एकदा वर बघ. तालुक्याच्या जिम बऱ्याचदा दुकानाच्या माळ्यावर असतात, स्लॅब ठेंगणा आणि त्यात पंखा. तसं असेल तर त्याचं बरोबर आहे. पण तेव्हाही बसू नकोस, स्टँड दाराजवळ मोकळ्या जागेत ओढून घे आणि त्या बाजूचा पंखा बंद करून मग रॉड उचल.